३८ लाख मंजूर होतात म्हणून ३८ लाखांचं कर्ज काढावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. कराडला वडिलांच्या नावावर ३० बाय ५० फुटांचा, म्हणजे १,५०० चौरस फुटांचा बिनशेती प्लॉट आहे. हातात येणारा पगार तुमचा ४८,००० आणि खासगी शाळेत नोकरी करणाऱ्या तुमच्या पत्नीचा २६,०००. मुलगी ३ वर्षांची. शिल्लक ९ लाख. सध्या भाडं ९,००० जातं. ठेकेदार २,००० रुपये फुटाने १,८०० फुटांचं वर-खाली घर ३६ लाखांत देतो म्हणतोय, आणि बँकेने ३८ लाख मंजूर होतील असं सांगितलंय. तर कर्ज काढून एकदाच सगळं बांधून घ्यावं, की दोन वर्षं थांबावं?

थांबू नका, पण १,८०० फूटही आत्ता बांधू नका. माझ्या हिशेबाने आत्ता १,२०० फुटांचं घर बसतं, कर्ज २८ लाखांचं, आणि पाया-कॉलम पुढे वर चढवता येतील असे. घरांची एस्टिमेट करणं आणि बँकेसाठी कामाच्या टप्प्यांची पाहणी करणं हे माझं रोजचं काम आहे. अर्धवट राहिलेली बहुतेक घरं पायात अडत नाहीत. स्लॅब पडल्यानंतर, गिलावा आणि फरशीच्या मध्ये कुठेतरी पैसे संपतात. तुमचा सध्याचा आराखडा नेमका तिथे जाऊन अडेल असा आहे.

सुरुवात हप्त्यापासून करू. ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर दर लाखाला हप्ता साधारण ८६८ रुपये पडतो. ३८ लाखांना ३२,९७७. तुमच्या दोघांच्या ७४,००० मधून हा जवळजवळ ४५ टक्के झाला. बँक एवढं मंजूर करते, कारण तिने दोन्ही पगार कायम धरलेत आणि घरखर्चाचा एक ठोकळ आकडा वजा केलाय. मुलीच्या शाळेची फी पुढच्या वर्षी सुरू होणार, दुसरं मूल झालं तर पत्नीचा पगार काही महिने बंद राहू शकतो, खासगी शाळेत ती रजा बिनपगारी असू शकते, हे त्या हिशेबात नाही. नुसत्या ४८,००० वर ३२,९७७ चा हप्ता गेला तर घरात १५,००० उरतात. त्यात घरखर्च भागत नाही.

लहान मूल असलेल्या घराला मी हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशापर्यंतच हप्ता धरायला सांगतो. तुमचे साधारण २४,५०० होतात, आणि त्यात २८ लाख बसतात (हप्ता २४,२९९). एकच पगार चालू राहिला तरी हप्ता जाऊन २३,७०० उरतात. ओढाताण होईल, पण सहा महिने निघतील. तुम्हाला पेन्शनची जोड असती किंवा पत्नीची नोकरी अनुदानित शाळेत कायम असती, तर मी ३२ लाखांपर्यंत गेलो असतो.

दुसरी परीक्षा व्याजदराची. बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्या दराशी), जोडलेली असतात आणि दर तीन महिन्यांच्या आत बदलू शकतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ६.७५ टक्क्यांनी २८ लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता २१,२९० होता. दर ९.२५ झाल्यावर त्याच रकमेचं नुसतं महिन्याचं व्याज २१,५८३ झालं. म्हणजे हप्ता तोच ठेवला असता तर व्याजसुद्धा फिटत नव्हतं, मुद्दल तर दूरच. त्यामुळे दर दोन टक्क्यांनी चढला तर काय, हे आजच पाहायचं. १०.५ टक्क्यांना २८ लाखांचा हप्ता २७,९५५ होतो, ३८ लाखांचा जवळपास ३८,०००. पहिला पेलवतो. दुसरा पगाराच्या निम्म्याच्या वर जातो.

मुदत ३० वर्षं करून हप्ता कमी करण्याचा सल्ला कोणी दिला तर हे आकडे समोर ठेवा: २८ लाखांचा हप्ता २१,५३० होतो, महिन्याला २,७७० वाचतात, आणि एकूण फेड ५८.३ लाखांवरून ७७.५ लाखांवर जाते. २० वर्षंच घ्या. बोनस आला की वर्षाला एक हप्ता जादा भरा, कर्ज साधारण तीन वर्षं आधी संपतं. तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

करबचतीचा विचार या निर्णयातून काढून टाका. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर (पगारदारांना प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाख) कर शून्य आहे, आणि स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट त्या रचनेत मिळतही नाही. तुमच्या दोघांच्या पगारावर कर्जामुळे वाचण्यासारखा करच नाही. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मधल्या व्याज अनुदानासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि घराची किंमत ३५ लाखांपर्यंत लागते. पीएफ वगैरे कापण्याआधीचं तुमचं उत्पन्न ९ लाखांच्या वर जात असणार, शिवाय कर्जही २८ लाखांचं. ते अनुदान हिशेबात धरू नका.

आता ठेकेदाराच्या ३६ लाखांकडे. २,००० चा दर तुमच्या भागात मध्यम प्रतीच्या कामाला ठीक आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण त्या दरात काय नाही, हे त्याला लिहून मागा. साधारणपणे पुढच्या गोष्टी दराबाहेर असतात. तुमच्या प्लॉटचा घेर १६० फूट. फाटकाची जागा सोडून १४८ फूट कंपाउंड, ११०० रुपये रनिंग फुटाने, आणि लोखंडी फाटक मिळून २.२ लाख. १०,००० लिटरची जमिनीखालची टाकी आणि मोटर १.२ लाख. गटार योजना नसेल तर सेप्टिक टँक ६०,०००. नकाशा, विकास शुल्क, आरसीसी डिझाइन आणि देखरेख १.४ लाख. मीटर आणि खांबापासूनची जोडणी ३०,०००. किचनच्या ट्रॉल्या आणि मांडण्या १ लाख. पुढच्या जागेत पेव्हर ब्लॉक ५०,०००. बेरीज ७.२ लाख. घर १,२०० फुटांचं असो की १,८०० चं, यातला बहुतेक खर्च तेवढाच राहतो.

म्हणजे १,८०० फुटांच्या घराचं चित्र असं: ३६ लाख, दराबाहेरचे साडेसात (मोठ्या घराला थोडे वाढतात), आणि एकूणावर ८ टक्के अडीअडचणीसाठी. ४७ लाख झाले. तुमचं कर्ज ३८ आणि शिल्लक ९, तेही ४७ च. बेरीज जुळते, पण हातात एक रुपया राहत नाही. शिवाय बांधकाम चालू असतानाचं व्याज, भाडं, बँकेचे खर्च आणि वास्तुशांत यातलं काहीही अजून धरलेलं नाही.

१,२०० फुटांचं, खाली ७५० आणि वर ४५०: २४ लाख अधिक ७.२ म्हणजे ३१.२, त्यावर ८ टक्के धरून ३३.७. बँकेचं प्रक्रिया शुल्क, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन आणि गहाणाची स्टॅम्प ड्युटी यांना ४०,०००. वास्तुशांतीला ४०,००० (पाहुण्यांची यादी आवरली तर). साडेचौतीस लाख. २८ लाख कर्ज आणि ६.५ लाख तुमचे. २.५ लाखांना हात लावायचा नाही. घरखर्च आणि हप्ता मिळून साडेचार महिन्यांची ती सोय आहे. बांधकाम चालू असताना घेतलेल्या रकमेवर फक्त व्याज द्यावं लागतं. दहा महिन्यांत सरासरी निम्मी रक्कम उचलली असं धरलं तर ते एकूण लाखाच्या आसपास जातं आणि ते पगारातून भागतं.

मोजणीबद्दल एक गोष्ट करार करण्यापूर्वीच मिटवा. "१,२०० फूट" म्हणजे कशाचे फूट? बाल्कनी पूर्ण धरायची की अर्धी, पोर्च, जिन्याची केबिन आणि वरच्या टाकीचा स्लॅब धरायचा का, हे लिहिलेलं नसेल तर शेवटच्या बिलात १५० फूट सहज वाढतात. २,००० च्या दराने ते ३ लाख होतात, आणि त्या वेळी तुमच्याकडे नेमके तेवढेच उरलेले असतात.

सिमेंट-लोखंड महागेल म्हणून घाई करा, असं तुम्हाला सगळे सांगत असतील. हिशेब करून बघा. १,२०० फुटांना साधारण ५०० पोती सिमेंट आणि साडेचार टन सळई लागते. सळई किलोमागे १० रुपयांनी वाढली तर ४५,०००. सिमेंट पोत्यामागे ३० रुपयांनी वाढलं तर १५,०००. दोन्ही मिळून साठ हजार, आणि ते ८ टक्क्यांत सामावतात. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तोही ठेकेदाराच्या दरात दिसायला हवा, विचारा. बजेट मोडतं ते आपल्याच निर्णयांनी. ५५ रुपयांची टाइल ठरलेली असताना दुकानात ९५ ची आवडते, १,३०० फुटांना ५२,००० वाढले. जिन्याला ग्रॅनाइट, हॉलला पीओपी, वर आणखी एक संडास-बाथरूम. प्रत्येक वेळी "एकदाच बांधतोय" हे वाक्य येतं. म्हणून टाइल, नळ, दारं, खिडक्या यांचे दर आणि ब्रँड काम सुरू होण्याआधी दुकानात जाऊन दोघांनी मिळून ठरवा आणि कराराला जोडा.

खरी अनिश्चितता जमिनीखाली आहे. कराडच्या आसपास नदीकाठच्या पट्ट्यात काळी माती खोल आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे फूटिंग (कॉलमखालचा पाया) मुरूम लागेपर्यंत खाली न्यावं लागतं. तीन-चार फुटांवर मुरूम लागला तर जोत्यापर्यंतचं काम एकूण खर्चाच्या १५ टक्क्यांत होतं. सात फुटांवर गेलं तर खोदाई, काँक्रीट, सळई आणि भरणीचा मुरूम सगळंच वाढून २० टक्क्यांच्या पुढे जातं. नकाशा अंतिम करण्यापूर्वी प्लॉटच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत खड्डे घेऊन पाहा. जेसीबीचं दोन तासांचं काम आहे. त्याच वेळी पूररेषेचा नकाशाही पाहा. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर तुमच्या भागात कुठवर आला होता ते शेजारी सांगतील, पण परवानगी नकाशावरच्या रेषेवर ठरते, आणि निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. बँक पैसे काम झाल्यावर देते, ठेकेदार काम करण्याआधी मागतो. फ्लॅट घेणाऱ्याला ही अडचण इतकी जाणवत नाही. स्वतः बांधणाऱ्याला दर टप्प्यावर जाणवते.

पहिल्या स्लॅबचे दहा दिवस बघा. ७५० फुटांचा पाच इंची स्लॅब, बीमसह सुमारे १२ घनमीटर काँक्रीट. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला १०० च्या आसपास पोती सिमेंट, ३६,०००. स्लॅब आणि बीमची सव्वा टन सळई, ७५,०००. दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) क्रश सँड आणि चार ब्रास खडी, २२,०००. सेंट्रिंग, सळई बांधणी, मिक्सर-लिफ्टची टोळी आणि स्लॅबमधले इलेक्ट्रिकचे पाइप मिळून ८०-८५ हजार. सव्वादोन लाखांच्या घरात रक्कम गेली, आणि हे सगळं स्लॅब पडेपर्यंत. त्यानंतर बँकेला पत्र, इंजिनिअरचा दाखला, बँकेच्या माणसाची पाहणी, अहवाल, शाखेची मंजुरी. आठ ते पंधरा दिवस सहज जातात. तेवढ्यात ठेकेदार विटांसाठी पैसे मागायला आलेला असतो. हातात काही नसेल तर टोळी दुसऱ्या साइटवर जाते आणि महिनाभर परत येत नाही. किंवा तुम्ही पतसंस्थेकडून किंवा नातेवाइकांकडून हातउसने घेता, आणि तो पैसा पुढच्या टप्प्यातून फेडला की पुढचा टप्पा तेवढ्याने तुटतो.

म्हणून तुमच्या ६.५ लाखांपैकी निदान ३ लाख कामाच्या शेवटापर्यंत फिरते राहायला हवेत. अडचण अशी की बहुतेक बँका तुमचा हिस्सा आधी खर्च करा म्हणतात. नकाशा, विकास शुल्क, डिझाइन, बोअर किंवा टाकी, खोदाई आणि फूटिंग हा खर्च तुमच्या हिश्शातून करा, पावत्या जपून ठेवा आणि तो हिस्सा म्हणून दाखवा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज चालतं, त्यावर गेलात की ८० टक्के. प्रत्यक्षात बांधकामासाठी बँका १५ ते २० टक्के हिस्सा मागतात. पण २८ लाखांवर राहिल्याने बोलायला जागा राहते. मंजुरीपत्रात टप्पे किती, कोणत्या टप्प्याला किती टक्के आणि पहिल्या टप्प्याचे पैसे आगाऊ मिळतील का, हे लिहून घ्या आणि ठेकेदाराच्या करारातले टप्पे त्याच्याशी जुळवा. मी साधारण असे ठेवतो: जोतं १५ टक्के, दोन्ही स्लॅब पूर्ण झाल्यावर ४५ पर्यंत, वीटकाम ५५, आतला-बाहेरचा गिलावा ७०, फरशी, दारं आणि खिडक्या ८५, रंग आणि फिटिंग ९५. शेवटचे ५ टक्के एक पावसाळा गेल्यावर. स्लॅब गळतो का, संडासाची भिंत ओल धरते का, हे एका पावसाळ्याशिवाय कळत नाही.

स्लॅब पडला की घर निम्म्याहून जास्त झालं असं डोळ्यांना वाटतं. पैशाने ते ४५ टक्केच झालेलं असतं. उरलेले ५५ टक्के सुट्या-सुट्या कामांत असतात आणि म्हणून दिसत नाहीत.

बँकेला द्यायच्या एस्टिमेटबद्दलही एक गोष्ट. जास्त कर्ज मिळावं म्हणून काही जण आकडा फुगवायला सांगतात. करू नका. तुमचा हिस्साही त्या फुगलेल्या आकड्यावर मोजला जातो, आणि पाहणीला आलेला माणूस प्रत्यक्ष काम बघून टक्के लावतो, त्यामुळे दर टप्प्याला अपेक्षेपेक्षा कमी रक्कम सुटते. त्याऐवजी खरं एस्टिमेट द्या, पण त्यात कंपाउंड, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, गच्चीचा ब्रिकबॅट कोबा (पाणी मुरू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा थर) ही कामं नावानिशी घाला. नसलेल्या कामाला बँक नंतर पैसे देत नाही. ट्रॉल्या आणि कपाटं बहुतेक बँका धरत नाहीत.

पैसे कमी पडले तर काय मागे ठेवायचं, हेही आत्ताच ठरवा. पीओपी, कपाटं, बाहेरचा टेक्स्चर, पेव्हर, वरच्या खोलीच्या आतला रंग थांबू शकतो. गच्चीचं आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, भिंतीतले इलेक्ट्रिक आणि पाण्याचे पाइप, एसी आणि इन्व्हर्टरचे पॉइंट, खिडक्यांचे ग्रिल थांबत नाहीत. इन्व्हर्टर आत्ता घ्यायचा नसला तरी वायर आत्ताच टाका. नंतर भिंत फोडून केलेलं काम दुप्पट पडतं. शेवटच्या दोन लाखांसाठी वैयक्तिक कर्ज काढू नका, त्याचा दर गृहकर्जापेक्षा बराच जास्त असतो. वर्षभर हप्ते नियमित भरल्यावर त्याच गृहकर्जावर टॉप-अप मिळतो, तोवर कपाटांशिवाय राहता येतं.

पुढे वरचा मजला वाढवायचा असल्याने फूटिंग आणि कॉलम तळमजला अधिक दोन मजल्यांच्या भाराचे डिझाइन करून घ्या. आत्ता जादा खर्च पायाच्या सळई-काँक्रीटपुरता येतो, नंतर पाया वाढवणं जवळजवळ अशक्य असतं. वरच्या ४५० फुटांशेजारी उरलेल्या गच्चीवर कॉलमच्या सळ्या सोडाल, त्या उघड्या ठेवू नका. काही वर्षांत गंजून कमकुवत होतात. सिमेंटचा घोळ लावून कमी सिमेंटच्या काँक्रीटच्या ठोकळ्यात झाकून ठेवा, वाढवताना ते सहज फुटतं.

प्लॉट वडिलांच्या नावावर आहे, त्याबद्दल मला काळजी वाटते. बँक त्यांना सहकर्जदार करून घेईल, त्यात विशेष अडचण नाही. पण तुम्ही आणि तुमची पत्नी वीस वर्षं हप्ते भरणार आणि जमीन दोघांच्याही नावावर नाही, हे बरोबर नाही. सहकर्जदार होण्याने मालकी येत नाही. वडिलांनी प्लॉट स्वतःच्या कमाईतून घेतला असेल तर ते बक्षीसपत्र करू शकतात. वडिलोपार्जित असेल तर बहीण-भावांची हक्कसोडपत्रं आधी लागतील. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस दिली तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी २०० रुपये आहे. मोकळ्या प्लॉटला आणि सुनेच्या हिश्शाला किती लागेल, याचं मूल्यांकन दुय्यम निबंधकांकडून करून घ्या आणि मगच मसुदा करा. घरात हा विषय काढायला अवघड वाटतं, हे मला माहीत आहे. तरी पाया खोदायच्या आधीच काढा.

कर्ज कुठून घ्यायचं? पतसंस्था आठ दिवसांत देते, पण १२ टक्क्यांनी २८ लाखांचा हप्ता ३०,८३० होतो, म्हणजे दरमहा साडेसहा हजार जास्त. राष्ट्रीयीकृत बँकेला दीड महिना लागला तरी चालेल. मंजुरीच्या वेळी कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी पुढे केली जाते आणि तिचा हप्ता कर्जातच मिसळतात, मग त्यावरही वीस वर्षं व्याज. ती घेणं बंधनकारक नाही. त्याऐवजी तुमचा आणि पत्नीचाही स्वतंत्र टर्म विमा घ्या, कारण हप्त्यात दोघांचाही पगार आहे.

वेळेबद्दल. पाया दिवाळीनंतर काढा. कोरड्या खड्ड्यात काम नीट होतं, वीटभट्ट्या चालू असतात, आणि फेब्रुवारीपर्यंत दोन्ही स्लॅब पडले तर मेअखेर बाहेरचा गिलावा आणि गच्चीचा कोबा पावसाआधी होतो. आतलं काम पावसात चालतं. वास्तुशांतीची तारीख मात्र गिलावा पूर्ण झाल्याशिवाय काढू नका. तारीख ठरली की ओल्या भिंतींवर रंग लागतो आणि वर्षात पोपडे निघतात.

तोवर एक करा. पुढच्या महिन्यापासून भाड्याव्यतिरिक्त १५,३०० रुपये पगाराच्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका. भाडं आणि हे मिळून २४,३०० होतात, म्हणजे तुमचा होणारा हप्ता. सहा महिने न मोडता टाकता आले तर २८ लाख झेपतात, वर ९१,८०० जमतात. तिसऱ्याच महिन्यात त्यातून काढावं लागलं तर कर्ज २४-२५ लाखांवर आणा आणि वरची खोली पुढे ढकला.

खड्डे घेतलेत की मुरूम किती फुटांवर लागला आणि प्लॉट स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित, एवढं कळवा. मुरूम सात फुटांच्या खाली असेल तर वरचे ४५० फूट कमी करून आकडे पुन्हा मांडून देतो.